नको असलेला आवाज

ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांतून ‘नॉइज’ या शब्दाची एक सुटसुटीत व्याख्या दिलेली असते : नको असलेला आवाज. ही व्याख्या वाचताना सहसा कुणी थांबत नाही. पण थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते की तिच्यात शास्त्र असे काहीच नाही. कंपने किती, तीव्रता किती, लाटेचा आकार कसा, यांतले अवाक्षरही नाही. आहे ती केवळ एक इच्छा. कुणाला तरी तो आवाज नको आहे. मृगाचा पाऊस कौलांवर कोसळू लागला की पेरणी उरकलेल्या शेतकऱ्याला तो आवाज रात्रभर हवा असतो. त्याच रात्री त्याच गल्लीत गाण्याची बैठक टेप करणाऱ्याला तो मुळीच नको असतो. पाऊस एकच.

म्हणजे एखादा आवाज ‘गोंगाट’ आहे असे म्हणताना आपण त्या आवाजाविषयी बोलत नसतो, स्वतःविषयी बोलत असतो. हे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कुणाचा? गाणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, कॅसेट ज्याच्या कपाटात सापडली त्याचा, की साफसफाईचे यंत्र ज्याच्या हाताखाली आहे त्याचा? पूर्वी हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण नको म्हटले तरी आवाज जात नसे. तबकडीची खरखर, टेपचा सुस्कारा, मायक्रोफोनजवळच्या पंख्याची घरघर हे सगळे गाण्याबरोबरच पदरात पडत असे, आणि कान आपला आपण त्यातून गाणे वेचून घेत असे. आता ते काढता येते. जे करता येत नाही त्याविषयी नीती नसते. करता येऊ लागले की सुरू होते.

बेळगावात घराच्या माडीवर मी गेली काही वर्षे जुन्या कॅसेटी आणि स्पूल संगणकावर उतरवून देण्याचे, आणि अधूनमधून नव्या भजनी मंडळांची गाणी मुद्रित करून जुळवून देण्याचे काम करतो. या कामात दोन प्रकारची सॉफ्टवेअर लागतात. एक मुख्य प्रोग्रॅम, ज्यात गाण्याचे सगळे पदर, म्हणजे आवाज, पेटी, पखवाज, टाळ, एकाखाली एक मांडलेले असतात. रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स ही त्यांची नावे. दुसरे दुरुस्तीचे. आयझोटोप कंपनीचे आरएक्स २००७ मध्ये आले, तेव्हापासून या धंद्यात त्याचे नाव झाले. ऑडॅसिटी तर २००० सालापासून फुकट मिळते. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज नुसता ऐकू येत नाही, दिसतो. पडद्यावर आडवा काळ, उभी कंपनसंख्या, आणि तीव्रतेप्रमाणे कमीजास्त उजळलेले रंग. शिट्टी एखाद्या आडव्या दोऱ्यासारखी दिसते, टिचकी उभ्या टाचणीसारखी, आणि माणसाचा आवाज शेतातल्या नांगरटीसारखा, एकावर एक समांतर वळणारे तास असावेत तसा. मग त्या चित्रातला नको तो ठिपका निवडायचा आणि पुसायचा.

हे दुसरे सॉफ्टवेअर पहिल्याच्या बाहेरचे असते, आणि ते बाहेरचे आहे हेच त्याचे मला आवडते. त्याचीच छोटी रूपे मुख्य प्रोग्रॅमच्या आत गाण्यावर कायमची बसवून ठेवता येतात. बसवली की पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखी गाळत राहतात, संगणकाचा जीव खातात, आणि ती चालू आहेत हे तासाभराने आपण विसरूनही जातो. बाहेरच्याचे तसे नाही. ज्या तुकड्यात बिघाड आहे तेवढाच तुकडा कापायचा, दोन्ही अंगांना सेकंद-दोन सेकंद मोकळी जागा ठेवायची, त्याची प्रत काढायची, ती प्रत दवाखान्यात पाठवायची, उपचार करून जागेवर परत आणायची आणि सांधा जुळवायचा. मूळ तुकडा खालच्या पदरात मुका करून तसाच ठेवायचा. खटाटोप वाटतो, पण यात वेळ वाचतो, कारण पाच मिनिटांच्या गाण्यात खरोखर आजारी असतात ती वीस-पंचवीस सेकंद. शिवाय उठून दवाखान्यात जावे लागते म्हणून माणूस दारात एकदा तरी विचार करतो, की खरेच न्यायला हवे का? पखवाज आणि टाळ वाजू लागल्यावर जी खरखर मुळात ऐकूच येत नाही तिच्यासाठी अर्धा दिवस घालवणारे लोक मी पाहिलेले आहेत. एकट्या पदराला कान लावला की प्रत्येक घर घाणेरडे दिसते.

या उपचारांनाही क्रम आहे. आधी टिचक्या, मग विजेची गुणगुण, आणि सर्वांत शेवटी सुस्कारा. टिचकी सगळ्या कंपनसंख्यांवर एकदम पसरलेली असते. ती तशीच ठेवून सुस्कारा काढू गेले तर यंत्र गोंधळते. सुस्कारा काढण्यासाठी यंत्राला आधी निव्वळ सुस्काऱ्याचा नमुना ऐकवावा लागतो. गायक तोंड उघडण्यापूर्वीचा, तंबोराही सुरू झालेला नसतानाचा एखादा सेकंद मिळाला तर भाग्य. आणि एकदाच जोर लावण्यापेक्षा दोनतीनदा हलका हात फिरवलेला बरा. जोर लावला की एक विचित्र गोष्ट घडते. गोंगाट जातो, पण त्याचे तुटके अवशेष मागे राहतात आणि ते पाण्याखाली वाजणाऱ्या घुंगरांसारखे किणकिणू लागतात. या दोषाला तंत्रज्ञांनी नाव दिले आहे ‘म्युझिकल नॉइज’. संगीतातून गोंगाट हाकलू गेले तर गोंगाट संगीताचे सोंग घेऊन परत येतो. नाव ठेवणाऱ्याला हा विनोद कळला होता की नाही, कोण जाणे.

मात्र या सगळ्याच्या आधीची पायरी पेचकसाची आहे. डेकचे हेड स्पिरिटने पुसणे, आणि कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा तिरपेपणा आणि आपल्या हेडचा तिरपेपणा एक स्क्रू फिरवून जुळवणे, एवढ्याने जे तेज परत येते ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला आणता येत नाही. घाईच्या कामात नेमके हेच वगळले जाते. एका संस्थेच्या शेकडो कॅसेटींचा संग्रह असा ‘झटपट’ साफ झालेला मी ऐकला आहे. एका कॅसेटवर बसवलेले माप रातोरात सगळ्यांना लावलेले होते. काम चोख, वेळ थोडा, खर्च माफक. फक्त ज्या बैठकींत तंबोरे हळू लागले होते तिथे तंबोरे नाहीत. यंत्राला ते सुस्काऱ्यासारखेच वाटले. सतत, मंद, न बदलणारे! यंत्राच्या दृष्टीने गोंगाटाची हीच तर खूण. ज्याच्या आधाराने सगळे गाणे उभे असते त्या आवाजाची लक्षणे आणि कचऱ्याची लक्षणे एकच निघावीत, यावर मी बरेच दिवस विचार करीत होतो.

तंबोऱ्याचीच आणखी एक गंमत सांगतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे जुन्या मुद्रणांत पन्नास, शंभर, दीडशे अशा कंपनसंख्यांची गुणगुण भरलेली असते. आता गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण एकशे एकतीसवर येतो आणि तंबोऱ्याची मंद्र पंचमाची तार अठ्ठ्याण्णववर. विजेची शंभरची गुणगुण आणि पंचमाची तार यांच्यात अंतर उरते दोन कंपनांचे. गुणगुण काढण्यासाठी शंभरच्या जागी जरा रुंद खाच पाडली की पंचमाचा पाया तिच्यात गेला. वरचे स्वरांश शिल्लक राहतात, तंबोऱ्यात जोर त्यांचाच असतो, म्हणून तार बंद पडल्यासारखी वाटत नाही. फक्त गायक जमिनीपासून दोन बोटे वर बसल्यासारखा वाटू लागतो. ऐकणाऱ्याला काय गेले ते सांगता येत नाही. तो म्हणतो, “स्वच्छ झालंय, पण का कोण जाणे, मन लागत नाही.”

बरे, ती गुणगुणही सर्वस्वी निरुपयोगी नसते. समजा, कॅसेट लावली आणि पन्नासऐवजी बावन्नवर गुणगुण दिसली. याचा अर्थ टेप चार टक्के जलद फिरते आहे, म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जे अंतर असते त्याच्या दोनतृतीयांशाइतका गायकाचा आवाज वर चढला आहे. त्या काळी आपली वीजही पन्नासच्या खालीवर होत असे, म्हणून हा पुरावा पक्का धरता येत नाही. पण पेटीच्या सुराशी ताडून पाहिला तर बहुधा खरा ठरतो. गायकाने कोणत्या पट्टीत गाइले याची साक्ष त्याच्या घरातल्या विजेने दिलेली असते. साक्षीदाराला हाकलायचेच असेल तर निदान जबानी घेऊन हाकलावे.

म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी कळ असते. ती दाबली की साफ झालेले गाणे ऐकू येण्याऐवजी काढून टाकलेला भाग तेवढा ऐकू येतो. ही कळ फार थोडे लोक वापरतात. आंघोळीनंतर आरशात बघणारे पुष्कळ. मोरीत काय वाहून गेले ते बघणारे कमी. त्या गाळात नुसती फस्स अशी खरखर असेल तर ठीक. पण तिच्यात एखाद्या शब्दाचा ‘स’, टाळेचा शेपटा किंवा श्वास ऐकू आला, तर हात मागे घ्यायचा. कार्यक्षमता म्हणजे कमी वेळात जास्त काढणे, असे समजले जाते. माझ्या मते ती कमीत कमी काढून काम भागवण्यात आहे.

श्वासाचा विषय निघाला, तर आमच्या भागात एक नाव डावलता येत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये शिवपुत्र कोमकळी हा मुलगा जन्मला आणि पुढे कुमार गंधर्व म्हणून जगाला माहीत झाला. क्षयाने गाठल्यावर ते १९४८ मध्ये देवासला गेले. काही वर्षे गाणे बंद होते. नंतरचे त्यांचे गाणे निकामी झालेल्या एका फुप्फुसाशी वाटाघाटी करून जन्मलेले आहे, असे जाणकार सांगतात. छोटे, झेपावणारे स्वरवाक्य, मग थांबणे, मग पुन्हा झेप. आता दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये श्वास ओळखून दाबणारी सोय असते. बातम्या वाचणाऱ्यांसाठी, जाहिरातींसाठी ती उपयोगी आहे. ती अशा गायकाच्या मुद्रणावर कुणी चालवली, तर यंत्र आपले काम चोख करील. तरी ते काढून काय टाकील? ज्या जागेवरून झेप घेतली ती जागाच. श्वास हा तिथे गाण्यातला खंड नाही, गाण्याचा कर्ता आहे.

तर मग काय काढावे आणि काय ठेवावे? मला वाटते, मुद्रणातल्या आवाजांची चार वर्तुळे करता येतात. सगळ्यांत बाहेरचे वर्तुळ गाण्यानंतर आलेल्या इजेचे : टेपची झीज, बुरशी, ओरखडा. त्याच्या आत यंत्राचा आवाज : मोटर, वीज, सुस्कारा. त्याच्या आत खोलीचा आवाज : पाऊस, बस, पोरे, दाद, भांडे पडणे. आणि सर्वांत आत गाणाऱ्याच्या देहाचा आवाज : श्वास, खोकला, घसरलेला स्वर. बाहेरून आत यावे तसा हात जड व्हावा. ओरखडा काढताना मला कुणाला विचारावेसे वाटत नाही. घसरलेला स्वर वर उचलणे हे मात्र दुरुस्तीत मोडत नाही. हयात गायकाने सांगितले तर उचलून देतो. तो त्याचा स्वर आहे. गेलेल्या माणसाचा स्वर जिथे लागला तिथे राहू द्यावा. वाद असतो तो तिसऱ्या वर्तुळात.

वर्तुळे कागदावर सुरेख दिसतात, पण टेपवर सगळे एकाच पट्टीत गुंतलेले असते. बेळगावजवळच्या एका गावचे निवृत्त शिक्षक, भजनी मंडळाचे बुवा, वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांची एक जुनी एकादशीची कॅसेट साफ करून पाहुण्यांना पेनड्राइव्हवर द्यावी आणि यूट्यूबवर घालावी, म्हणून त्यांचा धाकटा मुलगा आणि थोरली मुलगी माझ्याकडे आली. कॅसेट १९८७ ची. बुवांचा आवाज भरात. दोन अभंग, मध्ये एक वचन, पुन्हा अभंग. आमच्याकडे मराठीतून कन्नडात आणि परत जायला भजनात वेस लागत नाही. दुसऱ्या अभंगात बुवांना ठसका लागतो. तो बराच वेळ चालतो, पखवाज नुसता ठेका धरून राहतो. मग बाईमाणसाचा आवाज येतो, लांबून, बहुधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून : “पाणी घ्या आधी. मग म्हणा.” फुलपात्र ठेवल्याचा आवाज. आणि बुवा पुन्हा चरण उचलतात.

मुलाने तेवढे काढायला सांगितले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. “काका, आण्णा कधी आजाऱ्यासारखे गायलेच नाहीत. यूट्यूबवर बघणाऱ्याला आधी खोकलाच ऐकू येणार. तो आण्णांचा अपमान नाही काय?” थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तेवढं राहू दे की वो काका. अव्वाचा आवाज दुसरीकडं कुठं नाही.”

आई वीस वर्षांपूर्वी गेलेली. तिने कधी टेपसमोर बसून काही म्हटले नव्हते, कुणी म्हणायला सांगितलेही नव्हते. घरात कॅसेटी तीसेक. त्यांत तिची म्हणून ही पाच शब्दांची जागा. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ती नखाएवढी दिसत होती, मंद, इतर सगळ्यापेक्षा फिकी. निवडून पुसायला मला दहा सेकंद लागले नसते. आणि सांधा असा बसला असता की ठसका लागलाच नाही असे बुवांनाही वाटले असते.

भाऊ म्हणाला, “अक्का, मग दोन प्रती करू. तुला तुझी, लोकांना लोकांची.” हा तोडगा सगळ्यांना सुचतो, आणि तो बरोबरही आहे. ध्वनिसंग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इयासा, तिचा दंडकच आहे की मूळ मुद्रण काहीही न पुसता, न उजळता, जसेच्या तसे उतरवून जपावे; जे काय साफ करायचे ते प्रतीवर. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ हे माप त्यासाठी चांगले मानतात. मीही तेच करतो. आपल्याकडे तर याहून मोठा दाखला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. शेकडो हस्तलिखिते ताडली, आणि जे श्लोक मागाहून शिरलेले ठरले ते मुख्य संहितेतून काढले. काढले, पण फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते आजही आहेत. वाटले तर कुणीही ते पुन्हा जागेवर ठेवून वाचावे. शुद्धीकरणाचा याहून प्रामाणिक प्रकार मला माहीत नाही.

तरीही दोन प्रती केल्या की हात धुतले गेले, असे मला म्हणवत नाही. मूळ प्रत कपाटात असते. साफ प्रत कानात असते. दहा वर्षांनी नातवंडांना आजोबांचा आवाज म्हणून जो माहीत असेल तो यूट्यूबवरचा. कपाटातल्याला वाचा नसते. परिशिष्ट अभ्यासक उघडतो. घरात अभ्यासक कोण असतो? लोकांपुढे कोणती प्रत ठेवायची, हा निर्णय मूळ जपल्याने टळत नाही, उलट निश्चिंतपणे घेतला जातो, आणि मला धास्ती आहे ती त्या निश्चिंतपणाची. मूळ जपलेले आहे म्हटल्यावर कात्री अधिक सढळ चालते.

मी त्या दोघांना माझे मत सांगितले. टिचक्या काढतो, गुणगुण काढतो, सुस्कारा अर्ध्यावर आणतो, ठसका आणि पाणी ठेवतो. ठसक्याचा चढ थोडा खाली ओढतो, म्हणजे कानाला टोचणार नाही. मुलाला ते पटले नाही. त्याने यूट्यूबसाठी ती जागा कापलेली प्रत मागितली, मी करून दिली. कॅसेट त्यांची होती, वडील त्यांचे होते. पेनड्राइव्हवर काय घालायचे हे बहिणीने ठरवले, आणि तिथे पाणी आहे. दोन्ही ठिकाणी मी एकच अट घातली होती, की काय काढले ते वर्णनात लिहायचे. मुलाने एक ओळ लिहिली आहे. ती पुरेशी आहे का? मला अपुरी वाटते. पण मालकी माझी नाही.

या कामाचा इतिहास पाहिला तर हा अपुरेपणा सुरुवातीपासूनच आहे. भारतातले अगदी आरंभीचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने केले, त्यात गौहरजान होती. गाणे संपताच ती इंग्रजीत ठसक्यात आपले नाव सांगते. ती घोषणा कलेसाठी नव्हती. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना ही कुणाची ते कळावे, एवढाच तिचा उपयोग. म्हणजे शुद्ध कारकुनी. आज त्या तबकड्या साफ करणाऱ्या कुणाला ती काढून टाकण्याची छाती होईल? शंभर वर्षांत कचऱ्याचे सोने झाले. उद्या कशाचे होईल ते आज साफ करणाऱ्याला ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्याने भीत भीत काम करावे.

पलीकडे अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम या संशोधकाने १९७० च्या दशकात कारुसोची जुनी मुद्रणे संगणकाने उजळली. १९७६ मध्ये त्यांची तबकडी निघाली. १९२५ पूर्वी गायक भोंग्यात तोंड घालून गात, त्यामुळे सगळ्यांचाच आवाज भोंग्याच्या आकाराचा येई. तो आकार ओळखण्यासाठी स्टॉकहॅमने दुसऱ्या, मागाहूनच्या गायकाचे त्याच गाण्याचे चांगले मुद्रण आधाराला घेतले, आणि तुलनेने भोंगा वजा केला. थक्क करणारे काम. पण कारुसो कसा असावा हे ठरवताना दुसऱ्या कुणाचा गळा मापाला होता, हेही खरे. हाच स्टॉकहॅम वॉटरगेट प्रकरणातल्या निक्सनच्या टेपची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांत होता. साडेअठरा मिनिटांची ती रिकामी जागा. १९७४ मध्ये तज्ज्ञांनी सांगितले की हे पुन्हापुन्हा पुसलेले आहे. काय बोलले गेले ते मात्र परत आणता आले नाही. पुसलेले आहे एवढेच कळते, काय ते नाही. काढणे सोपे असते, उलट दिशेला रस्ता नसतो.

आता तो रस्ताही निघाल्यासारखा दिसतो, आणि माझी खरी अस्वस्थता तिथे आहे. बीटल्सच्या जॉन लेननने घरी पियानोवर म्हणून ठेवलेली एक कॅसेट होती. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी त्यावर गाणे उभे करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कॅसेटवरची गुणगुण हेही त्याचे एक कारण होते. २०२३ मध्ये शिकवलेल्या यंत्राने लेननचा आवाज पियानोपासून अलग केला आणि ‘नाउ अँड देन’ बाहेर आले. इथवर मला हरकत नाही. आवाज त्याचाच आहे, नुसता सोडवला आहे. पण शिकवलेली यंत्रे आता सोडवण्यावर थांबत नाहीत, भरूही लागली आहेत.

भरणे तसे आम्हीही करतो. टिचकी काढली की काही सहस्रांश सेकंदांचे भोक पडते. सॉफ्टवेअर आजूबाजूच्या लाटेवरून अंदाज बांधून ते बुजवते. त्याला खोटे कोण म्हणेल? धोतराच्या रफूला कुणी खोटे कापड म्हणत नाही. भोक एका अक्षराएवढे असेल तर? अभंगाचे ध्रुपद पुन्हापुन्हा येते. त्याच बैठकीतले, त्याच गळ्यातले दुसऱ्या वेळचे अक्षर आणून इथे बसवता येते. मी ते करतो आणि प्रतीबरोबरच्या चिठ्ठीत मिनिट-सेकंदासह लिहितो. याच्या पलीकडची पायरी म्हणजे त्या बैठकीत कधी उच्चारलाच गेला नाही असा शब्द. रफू कुठे संपते आणि नवे धोतर कुठे सुरू होते, याची रेघ मला भोकाच्या लांबीवर काढता येत नाही. मी ती अशी काढतो : बसवलेला आवाज त्या माणसाने त्या रात्री काढला होता का? काढला असेल तर जागा बदलली एवढेच. नसेल तर मी त्याच्या तोंडात शब्द घालतो आहे, आणि तो नाही म्हणायला हजर नाही.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ वडिलांची कॅसेट घेऊन आले. बाजू संपली तरी वडील गातच होते, त्यामुळे शेवटचा अभंग मध्येच तुटतो. त्यांनी कुठेतरी वाचले होते की आता गेलेल्या माणसाच्या आवाजात पुढच्या ओळी तयार करता येतात. येतात, मी म्हटले. मग करून द्या, म्हणाले. अभंग सगळ्यांना पाठ आहे, पुढे काय म्हणणार होते ते ठाऊकच आहे, त्यात खोटे काय? प्रश्न साधा नव्हता. वारकरी माणूस अभंग तोडत नाही, पुरा करतो. मुलाला तो पुरा व्हावासा वाटणे यात भक्तीच होती. मी म्हटले, पुरा करायचाच तर तुम्ही म्हणा, इथेच मायक्रोफोन आहे, वडिलांच्या मागोमाग तुमचा आवाज जोडू. ते हसले. आपला गळा तसा नाही, म्हणाले. मग बघतो दुसरीकडे.

त्यांना मी कॅसेट नुसती उतरवून दिली, पैसे घेतले नाहीत. बाजू जिथे संपते तिथे ‘वि’ एवढेच ऐकू येते, आणि पुढे टेपचे कोरे टोक हेडवरून सरकते त्याचा आवाज.